वजन खाली, गळ वर: काठावरून बास पकडण्याचं ‘ड्रॉप शॉट’ तंत्र नेमकं काय आहे?

अमेरिकेत मुलांकडे चार-सहा महिने राहायला गेलेल्या आई-बाबांचं एक दुखणं ठरलेलं असतं. गाडी चालवता येत नाही, बोलायला शेजारी कुणी नाही आणि दिवस संपता संपत नाही. पण टेक्सास असो की कॅलिफोर्निया, अनेक उपनगरांत चालत जाण्याच्या अंतरावर एखादं तळं असतं आणि काठावर गळ टाकून उभी असलेली चार माणसंही. त्यातले बरेचजण ज्या माशाच्या मागे असतात, तो म्हणजे लार्जमाउथ बास. होडी नसली तरी तो पकडता येतो आणि त्यासाठी ‘ड्रॉप शॉट’ हे तंत्र नवशिक्यांना आवर्जून सुचवलं जातं.

अडचण अशी, की हे तंत्र प्रसिद्ध झालं ते होडीतून गळ सरळ खाली सोडणाऱ्यांच्या हातात. काठावर उभं राहून ते जसंच्या तसं वापरलं, तर आमिष तळाच्या चिखलात लोळतं.

ड्रॉप शॉट म्हणजे काय?

नदीवर गळ टाकताना आपण सहसा दोराला शिसं लावतो आणि त्याच्या पुढे, टोकाला गळ. इथे क्रम उलटा आहे. वजन अगदी टोकाला आणि गळ त्याच्या वर, १५ ते ६० सेंटीमीटर अंतरावर. समुद्रात गरवणाऱ्यांना ही मांडणी नवी वाटणार नाही. फरक आहे तो नाजूकपणाचा. दोर ६ ते ८ पौंड ताण सोसेल इतकाच बारीक, गळ छोटा, वजन ५ ते १० ग्रॅम आणि आमिष म्हणून चार-पाच इंचांचं मऊ प्लास्टिकचं गांडूळ. ते फक्त नाकाशी टोचायचं, म्हणजे बाकीचं अंग मोकळं हलतं.

वजन तळावर बसतं आणि गांडूळ माशाच्या डोळ्यांसमोर तरंगत थरथरतं. ते जागा सोडत नाही, हीच यातली गंमत. बास झटकन तोंड उघडून पाण्यासकट भक्ष्य आत ओढून घेतो. ऊन चढल्यावर किंवा थंडीत तो आळसावलेला असतो, पळणाऱ्या आमिषामागे धावत नाही. एका जागी थरथरणाऱ्या गांडुळाकडे मात्र बघत राहतो आणि शेवटी तोंड घालतो.

गळ बांधायला ‘पालोमार’ ही गाठ वापरतात. दोर दुहेरी करून गळाच्या डोळ्यातून ओवायचा, सैल गाठ मारायची, तयार झालेल्या फाशातून गळ काढून घ्यायचा आणि ओलं करून आवळायचं. उरलेलं लांब टोक गळाच्या अणीच्या बाजूने पुन्हा डोळ्यातून घालायचं. त्यामुळे गळ दोराला आडवा, अणी वर करून उभा राहतो. वजन त्या उरलेल्या टोकाला.

काठावरून अडतं कुठे?

इथे थोडी शाळेतली त्रिकोणमिती लागते. होडीतून दोर जवळजवळ उभा जातो, त्यामुळे गळ वजनाच्या ३० सेंटीमीटर वर बांधला, तर तो तळापासून ३० सेंटीमीटरवरच राहतो.

आता काठावर या. समजा वजन २० मीटर लांब, ३ मीटर खोल पाण्यात पडलं आहे आणि काठीचं टोक पाण्यापासून २ मीटर उंच आहे. दोर सरळ ताणला, तरी तो आडव्याशी जेमतेम १४ अंशांचा कोन करतो. ३० सेंटीमीटरवरचा गळ मग वजनापेक्षा फक्त ७ सेंटीमीटर उंच राहतो. शिवाय तळ सपाट नसतो, तो तुमच्याकडे चढत येतो. हा चढ एकसारखा धरला, तर गळाखाली उरतात अवघे ३ सेंटीमीटर. तळाशी थोडं शेवाळ असलं की संपलं. दोर सैल सोडला तर गळ आणखी खाली येतो. ‘ड्रॉप शॉट काठावरून चालत नाही’ असं म्हणणारे बहुधा इथेच अडकलेले असतात.

मग करायचं काय?

पहिला उपाय म्हणजे गळ आणि वजन यांतलं अंतर वाढवणं. ६० सेंटीमीटर ठेवलं तर वरच्या उदाहरणात ३ चे ६ सेंटीमीटर होतात. फार नाही, पण तरंगणाऱ्या जातीचं प्लास्टिक निवडलं की त्यात भर पडते.

दुसरा उपाय माझ्या मते जास्त महत्त्वाचा आहे. तळ्याच्या मध्याकडे लांब फेकण्याचा मोह सोडा आणि काठाला समांतर फेका. तळाचा चढ हिशेबातून जातो आणि आमिष सगळा वेळ एकाच खोलीवर राहतं. पहाटे आणि संध्याकाळी बासही तिथेच, गवताच्या कडेला, दगडांजवळ, धक्क्याच्या सावलीत असतो. मासेमारीसाठी बांधलेला लाकडी धक्का असेल तर प्रश्नच मिटला, तिथून दोर होडीसारखाच सरळ खाली जातो.

वजन तळाला लागलं की दोर किंचित ताणून काठीचं टोक हलकेच थरथरवायचं, वजन जागचं हलू द्यायचं नाही. दहा-पंधरा सेकंद थांबायचं, मग हातभर ओढून पुन्हा तेच. मासा लागला की हिसका बसेलच असं नाही, नुसतं जड वाटतं. तेव्हा जोरात झटका देऊ नका. बारीक गळ वाकतो किंवा दोर तुटतो. रीळ फिरवत काठी संथपणे उचलायची.

बासचे दात खरकागदासारखे बारीक असतात, त्यामुळे खालचा ओठ अंगठ्याने धरता येतो. मासा मोठा असेल तर दुसरा हात पोटाखाली हवा. हात ओले करून मगच त्याला धरा, नाहीतर अंगावरचा संरक्षक बुळबुळीत थर निघतो.

तुटलेलं वजन कुठे जातं?

ड्रॉप शॉटचं वजन दोराला चिमट्याने अडकवलेलं असतं. दगडात अडकलं तर वजन निसटतं, गळ आणि मासा वाचतात. मच्छीमाराची सोय होते, पण वजन तळातच राहतं. लून नावाचा पाणपक्षी अन्न दळण्यासाठी तळातले खडे गिळतो आणि खड्यांसोबत शिसंही गिळतो. शिशाचं एक छोटं वजनही त्याच्या जिवावर बेततं. म्हणूनच मॅसॅच्युसेट्स राज्यात १ जानेवारी २०१२ पासून एक औंसापेक्षा, म्हणजे सुमारे २८ ग्रॅमपेक्षा हलकी शिशाची वजनं गोड्या पाण्यात वापरायला बंदी आहे. ड्रॉप शॉटची सगळी वजनं या मर्यादेच्या खालचीच. पर्याय आहे टंगस्टनचा. महाग पडतो, पण शिशापेक्षा घन आणि टणक असल्याने खाली खडक आहे की चिखल हे हाताला चटकन कळतं.

हे तंत्र मुळात जपानी आहे आणि अमेरिकेत ते १९९०च्या दशकाच्या शेवटी पोहोचलं. गंमत म्हणजे बास जपानचा नाहीच. १९२५ मध्ये तो अमेरिकेहून आणून हाकोनेजवळच्या आशी सरोवरात सोडला गेला, पुढे देशभर पसरला आणि स्थानिक माशांच्या मुळावर उठला. २००५ पासून तिथे जिवंत बास पाळायला आणि त्याची वाहतूक करायला कायद्याने बंदी आहे. बिवा सरोवरात तर पकडलेला बास परत सोडायलाही मनाई आहे. अमेरिकेत ‘पकडा आणि सोडा’ ही सभ्यता, बिवाच्या काठावर तोच नियमभंग.

परवाना लागतो का?

लागतो, आणि पाहुण्यांनाही लागतो. नियम राज्यागणिक बदलतात. कॅलिफोर्नियात १६ आणि टेक्सासमध्ये १७ वर्षं वयापासून परवाना हवा. टेक्सासमध्ये एक सवलत आहे. तिथल्या स्टेट पार्कमध्ये काठावरून किंवा धक्क्यावरून मासे धरायला परवाना लागत नाही, फक्त उद्यानाचं प्रवेशशुल्क भरावं लागतं. माशांची मर्यादा तिथेही पाळावी लागते. लार्जमाउथ बाससाठी राज्याचा सर्वसाधारण नियम दिवसाला पाच मासे आणि प्रत्येकाची लांबी किमान १४ इंच असा आहे. काही तलावांचे नियम वेगळे असतात, ते आधी पाहून घ्या.