तेरचा मातीतला ठेवा

इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली पॉम्पेई गाडलं गेलं. तिथल्या एका घरात १९३८ साली एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. अंगभर दागिने, दोन्ही बाजूंना दोन चिमुकल्या दासी. ही मूर्ती आता नेपल्सच्या संग्रहालयात आहे आणि इतिहासाच्या असंख्य पुस्तकांत तिचं छायाचित्र असतं. तिची सख्खी बहीण शोभावी अशी एक मूर्ती धाराशिव जिल्ह्यात, तेरणेच्या काठी, तेर गावात आहे. ती पाहायला कै. रामलिंगप्पा लामतुरे शासकीय वस्तुसंग्रहालयात जावं लागतं. पॉम्पेईची मूर्ती ज्यांनी चित्रात पाहिली आहे, त्यांतल्या फार थोड्यांना तेर ठाऊक असतं याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तेरची मूर्ती आकाराने लहान, पण घडण तीच. दोघींच्याही डोक्यात वरून भोक पाडलेलं आहे, म्हणजे त्या स्वतंत्र मूर्ती नसून कुठल्या तरी वस्तूचा भाग असाव्यात. आरशाची मूठ, असा एक अंदाज आहे. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनलाही याच धाटणीचं हस्तिदंती काम मिळालं. हे तिन्ही शोध एकत्र ठेवले की सातवाहन काळातल्या मराठवाड्याच्या कारागिरांचा माल कुठवर पोचत होता, ते कळतं.

तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातल्या एका अनामिक ग्रीक व्यापाऱ्याच्या ‘पेरिप्लस’मध्ये पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर हे मोठं शहर असल्याची नोंद आहे. इथलं जाडंभरडं कापड आणि तलम मलमल गाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदरावर जात असे. पुढे कोकणातले आणि कोल्हापूरचे शिलाहार राजे ‘तगरपुरवराधीश्वर’ हे बिरुद मिरवत राहिले. पण ते तगर नेमकं कुठलं, हे सगळे विसरले होते. कुणी दौलताबाद म्हटलं, कुणी जुन्नर. १९०१ मध्ये जे. एफ. फ्लीट यांनी तेरचं नाव पुढे केलं, आणि हेन्री कझिन्स यांनी गावात येऊन इथली मंदिरं आणि टेकाडं तपासली.

ती टेकाडं म्हणजे गावाची पांढरी. शेकडो वर्षांच्या वस्तीने साचलेली ही भुरकट माती मराठवाड्यात फार उपयोगाची. धाब्याच्या घरावर तीच पसरायची, शेतात खत म्हणून तीच टाकायची. पांढरी उकरली की मणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, शिशाची नाणी, मातीची मुंडकी वर येत. पावसाळ्यात तर ती आपोआप उघडी पडत. मुलं त्यांच्याशी खेळत, मोठी माणसं बाजूला सारत. रामलिंगप्पा लामतुरे हे याच गावचे व्यापारी. त्यांना या वस्तूंची किंमत उमगली आणि गावकऱ्यांच्या हाती लागेल ते त्यांनी वर्षानुवर्षं जमवलं. पुण्यात दिनकर केळकरांनी जुन्या वस्तू जमवण्याचा जो ध्यास घेतला, तोच इथे एका खेड्यात घेतला गेला. फरक एवढाच, की केळकर देशभर फिरले आणि लामतुरेंनी एकाच गावाची माती धरून ठेवली. पुढे हा संग्रह शासनाकडे आला आणि तेरमध्येच राहिला. मला सगळ्यात मोलाची गोष्ट हीच वाटते. हे सगळं मुंबईला गेलं असतं तर तिथल्या एखाद्या दालनातलं एक कपाट झालं असतं.

संग्रहालयात गेल्यावर वेळ द्यावा तो पांढऱ्या चिकणमातीच्या, म्हणजे केओलिनच्या मूर्तींना. दोन अर्धे साचे, त्यांत दाबलेली माती, मग दोन्ही भाग जोडून भाजलेली आतून पोकळ मूर्ती. पद्धत साच्याची आहे, तरी चेहऱ्यांत निर्जीव सारखेपणा नाही. भरलेले गाल, किंचित मिटलेले ओठ, आणि केशरचना तर एकीसारखी दुसरी नाही. अंबाडे, वेण्या, कपाळावर रुळणारे दागिने. राजाराणी किंवा देवदेवतांपेक्षा या बाया तगरच्या बाजारात फिरणाऱ्या वाटतात. शेजारी रोमन नाण्यांची नक्कल केलेले मातीचे लोलक आहेत. ज्याला सोन्याचं रोमन नाणं परवडत नसे, त्याने गळ्यात मातीचं घातलं असणार.

अभ्यासकांची एक तक्रार रास्त आहे. वस्तू कोणत्या थरातून आली याची नोंद नसेल तर तिचा काळ ठरवणं अवघड जातं, आणि लामतुरेंच्या संग्रहातल्या बहुतेक वस्तू अशाच आलेल्या. १९५८ मध्ये बा. ना. चापेकर यांनी इथे शास्त्रशुद्ध उत्खनन केलं, नंतरही उत्खननं झाली, आणि त्या थरांशी ताडून या वस्तूंचा काळ लावता येऊ लागला. पण उत्खननाची वाट पाहत बसलं असतं तर ही मुंडकी तोवर धाब्यावर चढली असती किंवा नांगराखाली गेली असती. लामतुरेंनी केलं ते योग्यच केलं.

उत्तरेश्वर मंदिराची कोरीव लाकडी द्वारशाखाही याच संग्रहालयात आहे. दख्खनच्या उन्हापावसात इतकं जुनं लाकूड टिकणं हीच दुर्मीळ गोष्ट, त्यामुळे तिच्यापुढे घाई करू नये.

बाहेर पडल्यावर त्रिविक्रम मंदिर चुकवू नये. विटांनी बांधलेलं, मागची बाजू हत्तीच्या पाठीसारखी गोल असलेलं हे मंदिर भारतात उभ्या राहिलेल्या अशा मोजक्या वास्तूंपैकी एक आहे. आंध्रातल्या चेजर्ल्याचं कपोतेश्वर मंदिर याच घडणीचं. तेरचं हे मंदिर मुळात बौद्ध चैत्य होतं की पहिल्यापासून मंदिरच, यावर विद्वानांत अजून एकमत नाही. आत त्रिविक्रमाची पूजा मात्र रोज होते. संत गोरा कुंभारांच्या, म्हणजे गोरोबाकाकांच्या, दर्शनाला तेरला आलेले वारकरी तिथेही डोकं टेकवतात. त्यांतल्या अनेकांची पावलं संग्रहालयाकडे वळत नाहीत. ती वळावीत म्हणून गोरोबाकाकांच्या मंदिरापाशी एक मोठा, ठळक मराठी फलक असावा, त्यावर हस्तिदंती मूर्तीचं चित्र असावं, आणि जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेची एक तरी सहल तेरला यावी.