मुंबई–नागपूर : नेमकं किती किलोमीटर?

मुंबईहून नागपूर किती लांब, असं विचारलं की कुणी ६९० किलोमीटर सांगतं, कुणी ७०१, तर कुणी ८३७. तिन्ही आकडे खरे आहेत. ते कुठून कुठपर्यंतचे आणि कोणत्या वाटेचे, हे मात्र सांगायचं राहून जातं.

समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी पूर्ण खुला झाला, तेव्हापासून ‘मुंबई–नागपूर ७०१ किलोमीटर’ हे वाक्य सर्रास ऐकू येतं. हा गैरसमज आहे. ७०१ किलोमीटर ही त्या महामार्गाची लांबी. तो नागपूरजवळ शिवमडक्याला सुरू होतो आणि भिवंडी तालुक्यातल्या आमणे गावापाशी संपतो. तिथून फोर्ट सरळ रेषेतसुद्धा पन्नासेक किलोमीटर आहे, आणि गाडी सरळ रेषेत जात नाही. म्हणजे दक्षिण मुंबईतून निघणाऱ्याला साडेसातशेहून जास्त किलोमीटर पडतात, तेही भिवंडी-ठाण्याच्या वाहतुकीतून. ‘आठ तासांत नागपूर’ हा हिशेबही फक्त महामार्गापुरता आहे. त्यासाठी ताशी सरासरी ८८ किलोमीटरचा वेग सतत टिकवावा लागतो. जेवण, इंधन, विश्रांती यांना त्यात जागाच नाही.

६९० हे दोन शहरांमधलं सरळ रेषेतलं, म्हणजे हवाई अंतर. विमान तेवढंच उडतं असं आपण धरून चालतो, पण तसं घडत नाही. मुंबईच्या मुख्य धावपट्टीवरून बहुतेक वेळा विमानं पश्चिमेला, समुद्राकडे उडतात. नागपूर पूर्वेला, त्यामुळे आधी उलट दिशेला जाऊन मग वळावं लागतं. पुढे ठरलेले हवाई मार्ग, उतरताना रांग, धावपट्टीची दिशा. वेळापत्रकातल्या दीडेक तासात जमिनीवर सरकण्याचा वेळही धरलेला असतो. ६९० ला विमानाच्या वेगाने भागून प्रवासाची वेळ काढणं म्हणूनच फसतं.

८३७ हे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासूनचं रेल्वेचं अंतर. रेल्वेला तीव्र चढ झेपत नाही, त्यामुळे तिची वाट वेगळी. समृद्धी छत्रपती संभाजीनगर, जालना, वाशीम असा जातो. रेल्वे मनमाडहून उत्तरेला खानदेशात शिरून भुसावळ, अकोला करत जाते. अंतर वाढतं ते या वळशाने.

आणखी एक समजूत नागपूरच्या शून्य मैलाच्या दगडाबद्दलची: देशातली सगळी अंतरं तिथूनच मोजली जातात. हा दगड ब्रिटिशकालीन त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा वारसा आहे, आणि त्याचं खरं मोल उंची मोजण्याच्या संदर्भाचं. समुद्रसपाटीपासूनची १०२०.१७१ फूट ही उंची तिथे कोरलेली आहे. काही ठिकाणांची मैलांतली अंतरंही तिथल्या स्तंभावर आहेत, पण देशभरातल्या रस्त्यांची मोजणी तिथून होत नाही. मुंबईतले जुने मैलाचे दगड तर फोर्टमधल्या सेंट थॉमस कॅथेड्रलपासूनचं अंतर दाखवत. हे दोन्ही वारसे जपायला हवेत, आणि त्यांचा खरा अर्थ मुलांना सांगायला हवा.

गाडीने निघणार असाल तर आपल्या दारापासून दारापर्यंतचं अंतर धरा. मुंबईतून बाहेर पडायला किंवा मुंबईत शिरायला दीड-दोन तास वेगळे ठेवा, आणि समृद्धीवर दर दोन तासांनी थांबा. सरळ, एकसुरी रस्त्यावर डोळा लागतो, आणि तो लागलेला कळत नाही.