रंगांची जुगलबंदी

एका चित्राचा चित्रकार एकच असावा, हा जगाचा सर्वसाधारण रिवाज आहे. चित्रकार एकांतात फलकापुढे उभा राहतो, मनात येईल ते रेखाटतो आणि शेवटी कोपऱ्यात आपली सही करतो. त्याच्या रेषेवर दुसऱ्याने कुंचला फिरवला, तर चित्र बिघडले असेच कोणीही म्हणेल. परंतु अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरात १९८४ व १९८५ साली दोन चित्रकारांनी हा रिवाज हसतखेळत मोडला.

त्यांपैकी थोरला अँडी वॉरहॉल. त्याचा जन्म १९२८ सालचा. दुकानात मिळणारे सुपाचे डबेही चित्राचा विषय होऊ शकतात, हे त्याने १९६२ साली दाखवले. एकाच कंपनीच्या सुपाचे ३२ प्रकार त्याने ३२ फलकांवर रंगवले. रोज डोळ्यांसमोर असणारी वस्तू माणूस खरोखर पाहतो काय, असा प्रश्नच जणू ते डबे विचारीत होते. पुढे त्याने हाताने रंगवणे बहुतांशी सोडले व जाळीच्या पडद्यातून शाई उतरवून चित्रे छापण्याची पद्धत स्वीकारली.

धाकटा झाँ-मिशेल बास्किया. तो १९६० साली ब्रुकलिन येथे जन्मला. बालपणी त्याला मोटारीची धडक बसली. रुग्णालयात पडून असताना आईने त्याला शरीररचनेचा एक मोठा ग्रंथ आणून दिला. त्यातील हाडे आणि कवट्या पुढे त्याच्या चित्रांत वारंवार अवतरल्या. तरुणपणी तो शहरातील भिंतींवर कोड्यासारखी वाक्ये लिहीत असे. चित्रांतही तो शब्द लिही आणि ते खोडी. कारण खोडलेला शब्द लोक अधिक लक्षपूर्वक वाचतात, हे त्याने ओळखले होते.

१९८२ साली दोघांची रीतसर भेट झाली. त्या वेळी काढलेले छायाचित्र घेऊन बास्किया परतला आणि सुमारे दोन तासांत त्याने दोघांचे चित्र वॉरहॉलकडे पाठवले. त्याचा रंग अजून ओलाच होता! येथून स्नेह वाढला आणि दोघे एकाच फलकावर काम करू लागले.

बहुधा वॉरहॉल आरंभ करी. तो एखाद्या कंपनीचे बोधचिन्ह किंवा वृत्तपत्राचा मथळा रंगवी. मग बास्किया त्यावर चेहरे काढी, शब्द लिही, काही भाग पुसून टाकी. एका चित्रात खाण्याच्या सोड्याच्या पुडीवरील बोधचिन्ह दोन वर्तुळांत आहे. त्यांतील एका वर्तुळात बास्कियाने हातोडा धरलेल्या हाताच्या जागी सॅक्सोफोन वाजवणारा कृष्णवर्णीय वादक काढला. बाजारातील खुणेला त्यामुळे माणसाचा चेहरा लाभला. या सहवासात वॉरहॉलने कित्येक वर्षांनी पुन्हा कुंचला हाती धरला, हेही विशेष होय.

सप्टेंबर १९८५ मध्ये अशा १६ चित्रांचे प्रदर्शन न्यूयॉर्कमधील टोनी शफ्राझी यांच्या कलादालनात भरले. त्याच्या भित्तिपत्रकावर दोघेही मुष्टियुद्धाचे हातमोजे घालून उभे होते. ती अर्थातच गंमत होती; परंतु समीक्षक हार-जीत मोजू लागले. थोरला धाकट्याचा उपयोग करून घेत आहे, अशीही टीका झाली. बास्कियाला ते शब्द लागले आणि दोघांतील स्नेह आटला. १९८७ साली वॉरहॉल निवर्तला. या वियोगाने बास्किया फार खचला. १९८८ साली, अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी, त्याचाही अंत झाला.

चित्रे मात्र उरली. २०२३ साली पॅरिसमधील लुई व्हितॉँ प्रतिष्ठानाने ती मोठ्या सन्मानाने पुन्हा मांडली. जुगलबंदीत एक कलावंत सूर छेडतो, दुसरा त्याला उत्तर देतो. तेथे कोण जिंकला, हे विचारण्यापेक्षा मैफल कशी रंगली, हे पाहावयाचे असते. आपल्या रेषेवर मित्राला रेष ओढू देण्यास मोठे मन लागते. ते मन या चित्रांतून आजही दिसते.