एएन-३२ : जुनं विमान नेमकं कुठे थकतं?

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला, "इतकी जुनी विमानं हवाई दल अजून उडवतंच कशाला?" प्रश्न रागातून आलाय, आणि राग समजण्यासारखा आहे.

२२ जुलै २०१६ला चेन्नईजवळच्या तांबरमहून पोर्ट ब्लेअरला निघालेलं एएन-३२ बंगालच्या उपसागरावर नाहीसं झालं. आत २९ माणसं होती. अवशेष सापडल्याचं जाहीर झालं ते जानेवारी २०२४मध्ये, सुमारे ३,४०० मीटर खोल समुद्रतळावर. म्हणजे घरच्यांना निदान एवढं कळायला साडेसात वर्षं गेली. मधे, जून २०१९मध्ये, जोरहाटहून मेचुकाला जाणारं असंच विमान अरुणाचलच्या डोंगरात कोसळलं. १३ जण गेले.

पण लगेच "बघा, खटारा विमान!" म्हणून मोकळं होऊ नका हं. डोंगरातला ढग नव्या विमानालाही सोडत नाही. वय वेगळ्या ठिकाणी बोचतं.

विमानाचं वय फक्त वर्षांत मोजत नाहीत. किती तास उडालं, किती वेळा उतरलं, हेही मोजतात. दर उड्डाणात आतल्या हवेच्या दाबाने सांगाडा किंचित फुगतो, उतरताना पुन्हा बसतो. तार वाकवून वाकवून तोडतो ना आपण, तसंच. धातूत बारीक भेगा पडतात, खाऱ्या हवेत गंज धरतो. हे सगळं शोधता येतं, पत्रा बदलता येतो. मेहनतीचं काम आहे, पण होतं.

खरी अडचण सुट्या भागांची. एसटीचा पार्ट नाही मिळाला तर मेकॅनिक काहीतरी जुगाड करतो. इथे तसं चालत नाही, प्रत्येक भाग प्रमाणित लागतो. मग एका विमानाचा भाग काढून दुसऱ्याला लावतात. दुसरं उडतं, पहिलं हँगरमध्ये उभं राहतं.

आता एएन-३२चं बघा. १९८४पासून ते आपल्याकडे आलं, सोव्हिएत संघाकडून. तो देशच १९९१मध्ये राहिला नाही. बनवणारी अँतोनोव कंपनी कीवमध्ये, म्हणजे युक्रेनकडे गेली. २००९मध्ये युक्रेनशी करार झाला : १०५ विमानं सुधारायची, ४० तिकडे, बाकीची कानपूरच्या हवाई दलाच्या डेपोत. २०१४मध्ये क्रिमिया झालं, युक्रेन-रशिया व्यवहार तुटले आणि कानपूरला येणारं साहित्य रखडलं. इंजिनांचं गाव झापोरिझ्झिया. २०२२पासून तिथे क्षेपणास्त्रं पडतायत. कानपूरच्या मेकॅनिकचा यात काय दोष, सांगा!

मग टाकून का देत नाही? कारण गडी कामाचा आहे. एएन-२६चाच सांगाडा, पण इंजिनांची ताकद जवळजवळ दुप्पट. उंचावरच्या पातळ हवेत, आखूड धावपट्टीवर हे उतरतं. लडाख-अरुणाचलच्या चौक्यांना रसद पोचवताना असंच विमान लागतं.

"पण नवीन सी-२९५ आली ना?" आली, पहिलं सप्टेंबर २०२३मध्ये. एकूण ५६, त्यातली ४० वडोदऱ्यात बनणार. मात्र ही ५६ विमानं घेतली ती अ‍ॅव्रोच्या जागी. भारतात बनलेलं पहिलं अ‍ॅव्रो कानपूरला उडालं होतं १९६१मध्ये, म्हणजे एएन-३२च्याही २३ वर्षं आधी. रांगेत ते पुढे होतं.