झोपलेल्या माणसाची नाडी

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आत्याच्या स्तनातली गाठ काढायचे ठरले आणि इतिहास घेऊन बी. ए. करणारा मी, घरात रिकामा म्हणून, तिच्यासोबत दवाखान्यात राहिलो. आदल्या संध्याकाळी भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई आल्या. "ब्लडप्रेशरची गोळी चालू आहे का?" आत्या म्हणाली, "छे, मला कसला आलाय आजार!" ऑपरेशन पुढे ढकलतील या भीतीने ती चक्क खोटे बोलत होती. मी व्हरांड्यात बाईंना गाठून खरे सांगितले. ही फितुरीच, पण मग बाईंनी जे समजावले त्याने माझ्या अंगावर काटा आला.

पूर्ण भुलेत श्वास मंदावतो किंवा थांबतो, म्हणून तोंडातून श्वासनलिकेत नळी घालतात. १८७८ साली ग्लासगोच्या विल्यम मॅक्युअन यांनी ती बोटांनी चाचपून घातली होती. पुढे १९४३ मध्ये ऑक्सफर्डच्या रॉबर्ट मॅकिंटॉश यांनी वाकडे पाते असलेला लॅरिंगोस्कोप काढला. त्याने जिभेचे मूळ उचलले की स्वरतंतू दिसतात. आजही तो वापरात आहे.

गंमत पुढेच आहे. जिभेच्या मुळाशी आणि घशात नसांचे दाट जाळे असते. पात्याचा दाब नि नळीचा स्पर्श होताच त्या मेंदूला वर्दी देतात, रक्तात अ‍ॅड्रिनलिनसारखी द्रव्ये वाढतात, नाडी धावू लागते, रक्तदाब चढतो. माणूस गाढ झोपेत, त्याला पत्ता नाही! आपण कलाशाखेचे लोक 'काळजाचा ठोका चुकला' असे सहज लिहितो. येथे मन भ्यायलेले नसताना काळीज धावते. धडधाकट माणसात हे काही मिनिटांत ओसरते. पण ज्याचा रक्तदाब मुळातच चढा आहे किंवा हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद आहेत, त्याला तेवढी मिनिटेही महाग पडू शकतात. म्हणून आधी फेंटानिलसारखे औषध देऊन हा उसळा दाबतात.

साधन बदलले तरी फरक पडतो. इंग्लंडच्या आर्ची ब्रेन यांनी १९८१ मध्ये लॅरिंजियल मास्क तयार केला. तो स्वरयंत्राच्या तोंडावर बसतो. पाते लागत नाही, नळी आत शिरत नाही, त्यामुळे नाडी नि रक्तदाब बेताने वाढतात. मात्र पोटातले अन्न उलटून आले तर तो फुप्फुसांना नळीइतके राखत नाही. भरल्या पोटी नळीच बरी. कॅमेऱ्याच्या लॅरिंगोस्कोपने जोर कमी लागतो खरा, पण नळी शेवटी श्वासनलिकेतच जाते. तेव्हा उसळा टळेलच असे नाही.

सकाळी आत्याला घोटभर पाण्याबरोबर तिची गोळी दिली. रक्तदाब आटोक्यात होता. बाईंनी मास्कच वापरला. गाठ साधी निघाली.

आत्या अजून माझ्याशी नीट बोलत नाही. गोळी मात्र माझ्यासमोर, मुद्दाम दाखवून घेते.