एकाच पाटीवरील निरनिराळे विद्युद्दाब

खेड्यापाड्यांतून पूर्वीं बॅटरीवर चालणारा व्हाल्व्हचा रेडिओ असे. त्याला एका दाबाची वीज पुरत नसे. तंतु तापविण्यास दीड-दोन व्होल्टची एक बॅटरी, प्लेटसाठीं बहुधा ९० व्होल्टची दुसरी, आणि कांहीं संचांत ग्रिडला ऋण दाब देण्यास तिसरी. ९० व्होल्टच्या तारा चुकून तंतूच्या टोकांस लागल्या कीं सारे व्हाल्व्ह क्षणांत जळून जात. आज ती बॅटऱ्यांची त्रिमूर्ति दिसत नाहीं. पण तीच अडचण लहान रूपानें सर्किट-बोर्डाच्या पाटीवर येऊन बसली आहे.

२०१२ सालीं ब्रिटनमध्यें निघालेला ‘रास्पबेरी पाय’ हा तळहाताएवढा संगणक घ्या. त्याला बाहेरून ५ व्होल्ट द्यावे लागतात. कडेच्या संकेत-पिना मात्र ३.३ व्होल्टच्या आहेत, आणि मुख्य चिपचा गाभा त्याहूनहि कमी दाबावर चालतो. हा उतार कशासाठीं? चिपमधील ट्रान्झिस्टर जसजसे सूक्ष्म झाले, तसतसा त्यांतील विद्युत्-रोधक पापुद्रा पातळ झाला. त्यास जास्त दाब सोसवेना. शिवाय ट्रान्झिस्टरांच्या उघडझापीनें होणारी उष्णता दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांत असते. ५ चे ३.३ व्होल्ट केले, तर तेवढ्यानेंच ती निम्म्याहून कमी होते.

टाकींतील पाण्याची पातळी पाहण्यासाठीं विद्यार्थी या संगणकास प्रतिध्वनीवरून अंतर मोजणारें एक स्वस्त उपकरण हौसेनें जोडतात. त्याचा उत्तराचा संकेत ५ व्होल्टचा असतो. तो सरळ पिनेस दिला, तर धूर निघेलच असें नाहीं. कधीं पीन मुकाट्यानें मरते, कधीं सारी चिप. चूक डोळ्यांना दिसत नाहीं, हाच यांतला खरा घात! उपाय मात्र अगदीं अल्पमोली आहे. संकेताच्या वाटेंत १००० ओहमचा रोधक घालावा, आणि पिनेपासून ग्राउंडपर्यंत २००० ओहमचा. दाबाचा दोनतृतीयांश भाग, म्हणजे सुमारें ३.३ व्होल्ट, पिनेस मिळतो.

ही युक्ति केवळ संकेतापुरती. चिपला वीज पुरविण्यास ती चालत नाहीं. कारण चिप ओढील तसा प्रवाह बदलतो व त्याबरोबर दाबहि ढळतो. तेथें दाब स्थिर ठेवणारा रेग्युलेटर हवा. साध्या जातीचा रेग्युलेटर उरलेला दाब उष्णतेंत घालवितो: १ अँपिअरला १.७ वॅट. प्रवाह मोठा असल्यास वीज तोडून-जोडून वेटोळ्यांतून नेणारा स्विचिंग रेग्युलेटर परवडतो. त्याची किंचित् धडधड वाहिन्यांत उतरते, म्हणून प्रत्येक चिपच्या अगदीं पायाशीं लहान कंडेन्सर बसवितात. दाब कितीहि असोत, संकेतांची देवघेव करणाऱ्या भागांची ग्राउंडची तार एकच असली पाहिजे, नाहींतर ३.३ व्होल्ट कशापासून मोजावयाचे?

वीज येण्याचा क्रमहि पाहावा लागतो. एक चिप जागी आणि शेजारची निजलेली असली, तर संकेताच्या तारेंतून प्रवाह निजलेल्या चिपच्या संरक्षक डायोडांत आडवाटेनें शिरतो. यासाठीं चिप बसविण्यापूर्वीं कसलेले कारागीर रिकाम्या पाटीस वीज देऊन प्रत्येक वाहिनीचा दाब मीटरनें मोजून घेतात.