चर्चगेटला नाव देणारे चर्च

धामापूर-मालवण परिसरातून उदरनिर्वाहासाठी मुंबईस गेलेली मंडळी ‘चर्चगेट’ हे नाव पिढ्यान्‌पिढ्या उच्चारीत आली आहेत. हे नाव ज्या वास्तूवरून पडले, ते फोर्ट भागातील सेंट थॉमस कॅथीड्रल होय. जुन्या कोटाचा या चर्चकडे जाणारा दरवाजा तो चर्चगेट. १८६० नंतरच्या दशकात तटबंदी पाडण्यात आली. नाव मात्र राहिले.

गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियर यांच्या कारकिर्दीत, १६७६ साली, या चर्चचा पाया घालण्यात आला. पुढच्याच वर्षी ते सुरतेस निवर्तले आणि काम रखडले. अर्धवट भिंती सुमारे चाळीस वर्षे तशाच उभ्या होत्या. कंपनीचे धर्मोपदेशक रिचर्ड कॉब यांनी वर्गणीसाठी खटपट करून काम पुन्हा हाती घेतले आणि १७१८ च्या नाताळात चर्च उपासनेसाठी खुले झाले. १८३७ मध्ये मुंबईचा अँग्लिकन धर्मप्रांत स्थापन होऊन त्यास कॅथीड्रलचा दर्जा लाभला. १९७० पासून ते चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या अखत्यारीत आहे. जीर्णोद्धाराबद्दल २००४ साली त्यास युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा संवर्धन पुरस्कार मिळाला.

धामापूरचा तलाव याहूनही जुना. विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई यांनी तो १५३० साली बांधविला. काठी श्री भगवतीचे मंदिर आहे. २०२० साली त्यास जागतिक सिंचन वारसा म्हणून मान्यता मिळाली. आरंभ करणारा गेल्यावर वास्तू तारते ती पुढील पिढ्यांची देखभाल. ती कोणी करावयाची, हे ग्रामपंचायतींनी व शाळांनी वेळीच ठरविणे अगत्याचे आहे.